सीट एक, लेकरं दोन अन् गाडीत माणसं सहा

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाहून एका ताईंनी लिहिलंय. घरी नवरा, सासू-सासरे, साडेचार वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचा मुलगा. गाडी २०१४ची, पाच सीटची. माहेर वर्ध्याकडे, त्यामुळे नागपूर-तुळजापूर हायवेने नेहमीच जाणं-येणं. मुलगी वर्षाची असताना नणंदेने नवी चाइल्ड सीट घेऊन दिली होती, त्यावर ०-१८ किलो लिहिलंय, तीत मुलगी आजवर बसत आली, कळंब यायच्या आत झोपूनही जाते. आता तिचे पाय समोरच्या सीटला लागतात. वजन साडेपंधरा किलो, उंची १०२ सेंटीमीटर. नवऱ्याचं म्हणणं, पोट्टी मोठी झाली, सीट लहान्याला द्या अन् तिला खाली उशी देऊन आपलाच पट्टा लावा. सासूबाई म्हणतात, "लहान्याले सीट कायले, मी घेतो नं मांडीवर." सासरे पुढे बसतात आणि त्यांचं एकच, "आमचे लेकरं बैलबंडीत वाढले, कोनाले काही झालं का?" सोयाबीन विकल्यावर दहा हजारापर्यंत बाजूला काढता येतील, म्हणजे एकच सीट येईल. ती कोणासाठी घ्यावी? आणि जुन्या सीटला ओकारीचा वास बसलाय, ती धुवायची कशी?

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंय सीट कोणासाठी घेऊ, पण मी तुमचं पत्र वाचता वाचता आधी माणसं मोजली. तुम्ही, तुमचे मिस्टर, सासू, सासरे अन् दोन लेकरं, झाले सहा. गाडी पाचची. म्हणजे बाळ कोणाच्यातरी मांडीवर असल्याशिवाय तुमच्या गाडीत सगळे मावतच नाहीत. सासूबाई हौसेने घेत असतील, पण खरं कारण जागा आहे. हे टोचून नाही म्हणत, आपल्याकडे पाचच्या गाडीत सात जण लग्नाला जातात आणि वरून डिक्कीत आहेराची भांडी असतात, मला माहीत आहे. पण सीट घेतल्याने ही अडचण सुटणार नाही, उलट वाढेल, कारण सीटला पूर्ण एक जागा लागते. त्यावर येतेच, पण आधी मुलीचं बघू, कारण तिथे एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात जी मला पटत नाही.

पाय समोर लागतात म्हणजे सीट लहान झाली, हे ते. जवळपास सगळे आईबाप असंच धरतात, कारण डोळ्याला दिसतात ते पायच. पण सीट संपली की नाही हे पायांवरून ठरतच नाही, ते ठरतं वजन, खांदे अन् डोकं यावरून. वजनात तर ती बसते, १८च्या आत आहे. आता एखाद्या दुपारी निवांत तिला सीटमध्ये पाठ पूर्ण टेकवून बसवा आणि खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीतल्या ज्या खाचेतून बाहेर येतात ती खाच बघा. पुढे तोंड करून बसणाऱ्या लेकराचा पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा वरून यायला पाहिजे. सगळ्यात वरची खाच लावूनही पट्टा खांद्याच्या खालून निघून वर चढून परत पुढे येत असेल तर सीट संपली. तिच्या कानाची वरची कड सीटच्या पाठीच्या वर गेली असेल तरी संपली. तसं नसेल तर संपलेली नाही, मग पाय समोर लागोत नाहीतर ती मांडी घालून बसो. लेकरांना पाय दुमडून बसायचा त्रास होत नाही, बघणाऱ्यालाच होतो. १०२ सेंटीमीटर म्हणजे अशा सीटच्या शेवटाजवळ ती आलीय हे खरं, पण "जवळ" आणि "झाली" यात काही महिन्यांचा फरक असतो आणि तेवढ्यात तुमचं काम होऊन जाईल.

आता उशी. मिस्टरांचा हेतू वाईट नाही, त्यांना वाटतं थोडी उंच केली की पट्टा बरोबर बसेल. पण मोठ्यांचा पट्टा मोठ्या माणसाच्या हाडांच्या भरवशावर काम करतो. खालचा पट्टा कमरेच्या हाडावर अडतो आणि वरचा खांद्याच्या मधून छातीवर येतो, सगळा धक्का ही हाडं घेतात. साडेचार वर्षांच्या लेकराचं कमरेचं हाड पट्टा अडवून धरण्याएवढं तयारच नसतं, त्यामुळे पट्टा सरकून पोटावर चढतो, आणि पोटात काय असतं, आतडी, लिव्हर, प्लिहा. वरचा पट्टा गळ्याला घासतो मग लेकरू तो काखेखालून नाहीतर पाठीमागे टाकतं, आपणही म्हणतो जाऊ दे, लागतंय तिला, आणि तिथे वरच्या पट्ट्याचा उपयोग संपला. उशी तर ब्रेक लागला की दबते अन् पुढे सरकते आणि तिच्यासोबत लेकरू पट्ट्याच्या खालून घसरतं. उशी, लोड, दुमडलेली चादर, सगळ्याचं तेच. खरा बूस्टर, म्हणजे लेकराला उंच करून बसवायची खास बैठक, टणक असतो, दबत नाही, अन् त्याला दोन्ही बाजूला आकडे असतात जे खालचा पट्टा मांडीवरच दाबून ठेवतात. सगळी करामत त्या आकड्यांची आहे, उंचीचं काम त्याच्यामागून येतं.

तेव्हा मोठी झाली, मोठी झाली, हे जरा थांबवू या. तिच्या सीटसारख्या, स्वतःचे पाच पट्टे असलेल्या सीटवरून बूस्टरवर अन् बूस्टरवरून मोठ्यांच्या पट्ट्यावर जाताना प्रत्येक वेळी संरक्षण थोडं कमीच होत असतं. लेकरू लवकर पुढच्या टप्प्यावर गेलं यात कौतुकाचं काही नाही, जितकं उशिरा जाईल तितकं चांगलं.

मांडीचं मात्र सविस्तर बोलते, कारण घरात सगळ्यात जास्त वाद त्याच्यावर होणार आहे. सासूबाईंचा हात घट्ट असणार यात शंका नाही, ज्या बाईने आयुष्यभर वावरात काम केलंय तिच्या हातातून बाळ सुटेल असं कोण म्हणेल. पण हिशोब हाताच्या पलीकडचा आहे. तुमचं बाळ आठ किलोचं धरू. गाडी ताशी ८०ने चालली आहे, हायवेला ८० म्हणजे आपण हळूच म्हणतो, आणि ती कशावर तरी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. गाडी थांबते, बाळ ८०नेच पुढे जात असतं, त्याला धरून ठेवायला त्या क्षणी साधारण १८० किलोचा जोर लागतो. जिनिंगमधून निघते ती कापसाची गाठ १७० किलोची असते. ती गाठ कोणी अंगावर फेकली तर हातात धरून ठेवेल असा पैलवान सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात नाही, तर आजी काय करणार. आणि आजीने स्वतः पट्टा लावलेला नसला तर आणखी वाईट, कारण मग आजीचं सगळं वजन मागून बाळावर येतं, पुढे बाळ, त्याच्या पुढे सीट नाहीतर डॅशबोर्ड. सासूबाईंना हे भीती घालायला नका सांगू. "तुमच्या हातावर भरवसा नाही" असं त्यांना वाटायला नको. त्यांना सांगा की हे कोणाच्याच हाताने होत नाही, माझ्याही नाही, ह्यांच्याही नाही.

आबाजींचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं, बैलबंडीचं म्हणणं पण सोडून द्यायचं नाही, त्यात चूक काहीच नाही. बैलबंडी चालते माणसाच्या चालीने, फार तर थोडी जास्त. त्यातून लेकरू पडलं तर गुडघा फुटेल. तुमची गाडी कधी ८०ने जाते, कधी १००ने, आणि आपल्या रस्त्यावर काय काय आडवं येतं ते आबाजींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. संध्याकाळी रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप रस्ता ओलांडतो. सोयाबीन-कापसाच्या दिवसांत मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर उभी राहते. अपघात होऊ दे नाहीतर न होऊ दे, नुसता करकचून ब्रेक लागला तरी मांडीवरचं लेकरू पुढच्या सीटला जाऊन आपटतं. आणि "गावातल्या गावात कायले लावायचा पट्टा" असं कोणी म्हटलं तर सांगा की ताशी ५०ला सुद्धा तुमच्या साडेपंधरा किलोच्या मुलीला अडवायला दोन क्विंटलच्या वर जोर लागतो.

आता पैशाचं. तुमच्यासमोर तीन रस्ते दिसतात.

एक, मुलीला तिच्या सीटमध्येच राहू द्या अन् बाळासाठी नवी सीट घ्या. वाईट नाही, पण मुलगी काही महिन्यांत तिच्या सीटमधून निघणारच, तेव्हा परत खर्च. दोन, जुनी सीट बाळाला द्या आणि मुलीसाठी १५ ते ३६ किलोवाला पाठीचा बूस्टर घ्या. वजनाने ती त्यात नुकती बसते आणि दुकानदार तुम्हाला हेच सांगेल. पण तुम्हीच लिहिलंय की कळंब यायच्या आत ती झोपते. बूस्टरमध्ये लेकराला धरून ठेवतो तो मोठ्यांचाच पट्टा, तो लेकरू सरळ बसलं तरच जागेवर राहतो, झोपेत ते एका कुशीला कललं, पुढे वाकलं की पट्टा भलतीकडे. साडेचार वर्षांच्या पोरीकडून दीड-दोन तास सरळ बसायची अपेक्षा मी तरी करणार नाही.

मला तिसरा रस्ता बरा वाटतो. ९ ते ३६ किलो लिहिलेल्या सीट मिळतात. त्यात १८ किलोपर्यंत सीटचे स्वतःचे पाच पट्टे वापरायचे, नंतर ते काढून ठेवून तीच सीट बूस्टर म्हणून वापरायची, मोठ्यांच्या पट्ट्याने. अशी सीट मुलीला घ्या आणि तिची जुनी ०-१८ बाळाला द्या. नवी सीट मुलीला बरीच वर्षं पुरेल, बाळालाही तीन-साडेतीन वर्षांचा होईपर्यंत पाहावं लागणार नाही. ऑनलाइन अशा सीट साधारण सात-आठ हजारांपासून मिळतात, सेलमध्ये खालीवर होतं, दहाच्या आत तुमचं काम व्हायला हरकत नाही. फक्त घेताना एक नक्की बघा, पाच पट्ट्यांची सगळ्यात वरची खाच किंवा डोक्याची उशी किती वर जाते ते. काही स्वस्त सीटमध्ये पट्टे वजनाला १८ पर्यंत चालतात पण खाच इतकी खाली की पाच वर्षांच्या लेकराला पुरतच नाही. मुलीची बूड ते खांदा उंची टेपने मोजून लिहून ठेवा, दुकानात किंवा फोटोखालच्या मापांशी ताडून बघा.

महागडी सीट म्हणजे चांगली असं नाही, पण स्वस्तात एक गोष्ट मात्र अजिबात घेऊ नका. ऑनलाइन हजार-दीड हजारात एक कापडी गादीसारखं मिळतं, चार पट्टे लावलेलं, नाव देतात पोर्टेबल कार सीट, सीटच्या पाठीला बांधायचं. तिच्यामागे कोणतीही टेस्ट नसते. खऱ्या सीटवर नारिंगी स्टिकर असतो, त्यावर गोलात ई हे इंग्रजी अक्षर आणि ईसीई आर४४/०४ किंवा नव्या सीटवर आर१२९ असं लिहिलेलं. आर४४ किलोवर चालतं, आर१२९ मुख्यतः सेंटीमीटरवर. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे. ह्यातलं काहीच नसेल तर चित्र कितीही गोड असो, ठेवून द्या.

घ्यायच्या आधी गाडी तपासा, हे फार महत्त्वाचं आणि ह्याच्याकडे कोणी बघत नाही. २०१४च्या गाडीत आयसोफिक्स, म्हणजे सीटची पाठ अन् बैठक मिळते तिथल्या फटीतले लोखंडी आकडे, बहुतेक नसणार. हात घालून चाचपून बघा. नसतील तर पट्ट्याने बसणारीच सीट घ्या, फक्त आयसोफिक्सवाली घेऊ नका, ती तुमच्या गाडीत लागणारच नाही. मग मागचे पट्टे बाहेर काढा. आपल्याकडे गाडी घेतली की पहिलं काम सीटकव्हर, आणि कव्हरवाला मागच्या पट्ट्यांची कुलुपं गादीखाली दाबून वरून शिवून टाकतो, वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नसतो की मागे पट्टे आहेत. ती बाहेर काढा, गरज पडली तर कव्हरला चीर द्या. पट्टा पूर्ण ओढून बघा, धक्का दिल्यावर अडकतो का बघा. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर कधीच लावायचा नाही. तुमच्या दोन्ही सीट कडेच्या जागांवर येतील.

बाळाचं तोंड मागे. ह्यावर तडजोड नको. सात महिन्यांच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने खूप मोठं अन् जड असतं, मान नाजूक, समोर तोंड असेल तर धक्क्याला अंग पट्ट्याने थांबतं पण डोकं पुढे झटकतं आणि सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर पाठ, मान, डोकं सगळं मिळून सीटच्या पाठीवर टेकतं. तुमच्या जुन्या सीटवर निळ्या आणि लाल खुणा असतील, मागे तोंड करून बसवताना पट्टा निळ्या खुणांमधून जातो, पुढे तोंड असेल तर लाल. अशा वेळी खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबर किंवा जरा खालच्या खाचेतून यायला हवेत, म्हणजे मुलीच्या उलट, तेव्हा आधी खाच बदला. सीट मागे कलती ठेवा, बाळाची हनुवटी छातीवर पडता कामा नये. जुन्या गाड्यांचा पट्टा मागे तोंड करून लावायला कधीकधी पुरत नाही, म्हणून आताच लावून बघा, जायच्या दिवशी सकाळी नाही. सीट लागली की गुडघा तिच्यात रोवून सगळं वजन टाका अन् पट्टा ओढा, मग जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा, एक इंचाच्या वर हलायला नको. बाळाच्या पट्ट्याचं पण तसंच, गळ्याजवळच्या हाडावर पट्ट्याला चिमटीत धरायचा प्रयत्न करा, चुणी पडली म्हणजे ढिला आहे.

जुन्या आर४४ सीटवर लिहिलेलं असतं की ९ किलोपासून पुढे तोंड करता येतं, त्यामुळे नऊ किलो झाले की लोक लगेच वळवतात. नव्या आर१२९ नियमात पंधरा महिन्यांच्या आत वळवायला मनाईच आहे. तुम्ही सीटची मागे तोंडाची मर्यादा, बहुतेक १३ किलो असेल, तिथपर्यंत वळवू नका. पाय दुमडतील, दुमडू द्या, ते आपण वर बोललोच. बाळाचं तोंड दिसत नाही म्हणून जीव खालीवर होतो हे समजू शकते, पण त्यासाठी तुम्ही मागे शेजारी बसालच.

आता बसायचं कसं. ड्रायव्हर मिस्टर. मागे एका कडेला मुलगी, दुसऱ्या कडेला बाळ, मध्ये तुम्ही, बसून बघा आधी, दोन सीटच्या मध्ये जागा अरुंद असते. पुढे एक मोठं माणूस, पट्टा लावून. झाले पाच. सासू-सासऱ्यांपैकी एकच जण मावतो, हे आज ना उद्या बोलावंच लागेल आणि ते मिस्टरांनी बोललेलं बरं, तुम्ही बोललात तर त्याचा भलताच अर्थ निघेल. मला वाटतं हा प्रश्न दिसतो तेवढा अवघड नाही. आबाजी पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर त्यांना एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून, ६५च्या वर असतील तर अर्धं तिकीट. सासूबाईंना मार्च २०२३ पासून वयाचं काही न बघता अर्धंच. यवतमाळहून वर्ध्याला एसटी आहेच. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना एसटीत खिडकीशी बसून ओळखीचे भेटत जायला गाडीपेक्षा जास्त आवडतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही, आपण मानपान म्हणून गाडीत कोंबतो. विचारून बघा. स्टँडवर घ्यायला कोण येणार ते आधी ठरवून सांगा म्हणजे "आम्हाले उतरवून दिलं" असं वाटणार नाही. आणि सगळ्यांनी एकत्रच जायचं असेल असं लग्न-तेराव्याचं जाणं, तर त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने करा. फक्त जुन्या जीपसारख्या गाड्यांत मागे आडव्या, समोरासमोरच्या सीट असतात, त्यावर चाइल्ड सीट कधीच लावू नका, ती त्यासाठी बनलेलीच नाही.

कायदा पण सांगून ठेवते, कारण आबाजींना तो माझ्यापेक्षा लवकर पटेल. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९४ ब आहे, चौदा वर्षांखालच्या लेकराला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. आपल्या रस्त्यावर कोणी अडवतं का, तर क्वचितच, पण आहे. बाइकवर नेत असाल तर फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या लेकरासाठी हार्नेस (लेकराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारे पट्टे), हेल्मेट आणि ताशी ४०ची मर्यादा आहे, बाळाला अंगणवाडीत न्यायची वेळ येईल तेव्हा लक्षात ठेवा.

रस्त्यात बाळ रडेल. रडणारच, पहिल्या दोन-तीन खेपांना तर जास्तच, कारण त्याला मांडीची सवय आहे. तेव्हा सगळे एका सुरात म्हणतील घे वर, पाज त्याला. चालत्या गाडीत काढायचं नाही. बाजूला घ्या, थांबा, पाजा, ढेकर काढा, परत बसवा. तसंही इतक्या लहान बाळाला सलग दोन तासांच्या वर सीटमध्ये ठेवू नये, कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला थांबलात तर सासूबाई पण खुश. निघायची वेळ बाळाच्या झोपेवर ठरवा, माणसांच्या जेवणावर नाही.

थंडीत जाड स्वेटर घालून पट्टे लावू नका, स्वेटर दबतो अन् आत पट्टा ढिला राहतो. पातळ कपड्यावर पट्टा आवळा, वरून गोधडी टाका. उन्हाळ्यात, आपला उन्हाळा म्हणजे पंचेचाळीस, गाडी उन्हात उभी असेल तर सीटवर पांढरा दुपट्टा टाकून ठेवा आणि लेकराला बसवायच्या आधी पट्ट्याच्या लोखंडाला स्वतः हात लावून बघा, चटका बसतो. बंद गाडीत लेकराला पाच मिनिटंही सोडायचं नाही, दुकानातून पटकन येते म्हणून सुद्धा नाही.

ज्यांची मुलं ह्याच्याहून मोठी आहेत अशा बऱ्याच जणी विचारतात बूस्टर केव्हा काढू, म्हणून त्यांच्यासाठी. वय विचारू नका, गाडीत बसवून बघा. पाठ सीटला पूर्ण टेकून गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, खालचा पट्टा पोटावर न येता मांडीच्या वर राहतो का, वरचा पट्टा गळा आणि खांद्याच्या मधोमध येतो का, आणि असं सगळा प्रवासभर बसता येतं का. एकालाही नाही असं उत्तर आलं तर बूस्टर राहू द्या. बहुतेक लेकरं १४५ सेंटीमीटरच्या आसपास तिथे पोचतात, म्हणजे दहा-बारा वर्षांची होतात तेव्हा. चौथी-पाचवीतली पोरं लाजतात, मित्र हसतात, खरं आहे, पण तेव्हा बिनपाठीचा बूस्टर चालतो, बाहेरून दिसतही नाही. तेरा वर्षांखालच्यांनी मागेच बसावं. आणि नव्या गाडीवाल्यांनो, २०२२ पासूनच्या गाड्यांत पुढे दोन्हीकडे एअरबॅग असतेच, मागे तोंड करून ठेवलेली बाळाची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नका, एअरबॅग उघडली तर ती थेट त्या सीटच्या पाठीवर बसते.

ताई, तुमची जुनी सीट नणंदेने नवी घेऊन दिलेली, साडेतीन वर्षांची, तुमच्याच हातातली, म्हणून मी ती बाळाला द्या म्हटलं. गाडी कुठे जोरात ठोकली गेली असेल तर मात्र नाही, अपघातातली सीट बाहेरून चांगली दिसली तरी आतून गेलेली असते. सीटवर बनवल्याची तारीख असते, किती वर्षं चालते ते पुस्तिकेत किंवा सीटखाली लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. आणि कोणी शेजारीण म्हणाली आमची पडून आहे, घेऊन जा, तर तिचा सगळा इतिहास माहीत असल्याशिवाय घेऊ नका.

वासाचं: कापडी कव्हर निघतं, ते काढायच्या आधी पट्टे कुठून कसे जातात त्याचे मोबाइलवर फोटो काढा नाहीतर परत लावताना घरभर भांडण होतं. कव्हर लेबल बघून थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. पट्टे मात्र भिजवायचे नाहीत, मशीनमध्ये नाही, ब्लीच नाही, डेटॉल पण नाही, त्याने धागा कमजोर होतो. ओल्या फडक्याला थोडा साधा साबण लावून पुसायचे, मग नुसत्या पाण्याच्या फडक्याने. वास बहुतेक कव्हरखालच्या प्लास्टिकच्या खोबणीत असतो, तिथे जुना टूथब्रश फिरवा. कुलूप अडकत असेल तर त्यात पारले-जीचा चुरा आणि चिवड्यातले शेंगदाणे निघतील, उलटं करून झटका, कोमट पाणी सोडा, खट्‌ आवाज येईपर्यंत. तेल घालू नका, तेलावर धूळ बसते अन् मग ते आणखी अडकतं.